हजारी आणि सवाई

सगळ्यांत आधी मला त्याच्या पायांचा हेवा वाटला. बाकीचं सगळं मागाहून आलं. तो कळव्याच्या मिठागरावरचा, माझ्याच वयाचा, सोळा-सतरा वर्षांचा. सकाळच्या होडीने खाडी ओलांडून आमच्या ठाण्याच्या तालमीत यायचा. लंगोट कसून तो मल्लखांबापाशी उभा राहिला की माझी नजर थेट त्याच्या पायांवर जायची. टाचा फुटलेल्या, बोटं फाकलेली, मिठाने कातडी पांढरट पडलेली. असले पाय आमच्या घरात कोणी ओसरीवरसुद्धा चढू दिले नसते. आणि तेच पाय एरंडेल चोपडलेल्या खांबाला असे धरायचे की सोडवायला दुसरा माणूस लागावा! माझे पाय कचेरीतल्या कारकुनाच्या घरचे, गोरे, मऊ. ते सर्रकन् घसरायचे. मग जीव जळणार नाही तर काय होणार?

मी त्या तालमीत सहा वर्षं घासली होती. तलावाकाठच्या मारुतीमागे पत्र्याची एक लांबट पडवी, आत लाल मातीचा हौदा आणि हौद्याच्या कडेला जमिनीत पुरलेला सागवानी खांब. तो आला तेव्हा मी वस्तादांचा पहिल्या रांगेतला चेला होतो. नव्या पोरांना मीच दाखवायचो की खांबाला मिठी मारायची नसते, त्याला मांडीने धरायचं असतं. लोक म्हणायचे, कारकुनाचा मुलगा खांबावर बरा दिसतो. हे ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

शिवाय माझ्याजवळ वही होती. बोरूने लिहिलेली, पुठ्ठ्याची, वडिलांनी कचेरीतून आणून दिलेल्या कागदांची. वस्तादांना अक्षरओळख नव्हती. त्यांना सगळं तोंडपाठ, नव्हे, अंगपाठ होतं. मी एकेक नाव त्यांच्याकडून काढून घेतलं आणि चार भाग करून लिहिलं. खांबाला धरून ठेवायचं ते पहिल्या भागात, धरता धरता फिरायचं ते दुसऱ्यात, नुसत्या तोलावर राहायचं ते तिसऱ्यात, खाली यायचं ते चौथ्यात. कुस्तीचे डाव मी मागच्या पानांवर वेगळे लिहिले होते, कारण माझं असं मत झालं होतं की खांब जागचा हलत नाही, तिथे जे बिघडतं ते आपलंच बिघडतं. कुस्तीत समोरचा गडी हलतो, आणि आपण शिकलेलं त्याच्या हलण्याप्रमाणे बदलावं लागतं. मोठा शोध लावल्यासारखं मी हे वस्तादांना वाचून दाखवलं. त्यांनी कानातली कापसाची काडी फिरवली आणि म्हणाले, "बरं आहे. आता खांबाला तेल लाव."

त्या नावांतल्या दोनच नावांशी या गोष्टीचा संबंध आहे, म्हणून तेवढीच सांगतो. एक सवाई. सवाईत खांब एका काखेत आवळायचा आणि सगळं अंग आडवं हवेत धरायचं. दुसरी हजारी. हजारीत डोकं खाली, खांब दोन मांड्यांत, आणि दोन्ही हात मोकळे सोडायचे. ही नावं अशीच का, ते वस्तादांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या वस्तादांनी सांगितली, त्यांनी घेतली. गुरूकडून आलेलं नाव म्हणजे त्यांना देवाच्या नैवेद्यासारखं होतं, त्याला कोणी हात लावायचा नाही.

तर हा मिठागरवाला. त्याला एकही नाव येत नव्हतं. येणार कसं? आमच्या तालमीचा एक नेम होता: खांबावर माणूस चढला की खाली कोणी तोंड उघडायचं नाही. वस्ताद स्वतःच्या मांडीवर थाप मारायचे. एक थाप म्हणजे धर, दोन म्हणजे बदल. काय करायचं ते हाताने खुणावायचे. हा बाबा त्या खुणांवरच शिकला. सकाळी यायचा, कोपऱ्यात बसून दुसऱ्यांचं बघायचा आणि मग उठून करायचा. पहिल्यांदा चुकायचा. दहादा चुकायचा, धप्पकन् पडायचा, हसायचा. मला बरं वाटायचं. पण पंधरा दिवसांनी बघावं तर ते त्याच्या अंगात मुरलेलं असायचं आणि पुन्हा कधी चुकायचं नाही.

माझी रीत वेगळी होती. मी एक पकड घ्यायचो आणि तीच पन्नासदा करायचो. चाळिसाव्या वेळी ती इतकी साफ यायची की मलाच माझं कौतुक वाटायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पहिल्यापासून सुरुवात! आणि हा एक पकड करायचा, उतरायचा, मातीत जाऊन कोणाशी तरी दोन हात करायचा, घामाने निथळत परत यायचा आणि तिसरंच काहीतरी करायचा. ना धड क्रम, ना मोजणी. मी एकदा त्याला म्हटलंही, "अरे, असं धरसोड करून कधी शिकणार तू?"

"मना तसंच येतं, भाऊ," तो म्हणाला. "आगरावर बांध निसरडे. डोईवर मिठाची पाटी. एक पाय चिखलात, एक कोरड्यात. तिथं दोनदा सारखं पाऊल कुठं पडतं?"

मी नाक मुरडून वहीकडे वळलो. पण ते वाक्य मनातून जाईना. मी सहा वर्षं तेल लावून जे मिळवलं ते हा मीठ वाहता वाहता घरून घेऊन आला होता. हे कुठल्या न्यायात बसतं? घरी जेवायला बसलो तरी डोळ्यांपुढे त्याची ती फाकलेली बोटं यायची. आईने विचारलं, "भाजी आळणी आहे का रे?" मी म्हटलं, "मीठ नको मला." आणि ताट सारून उठलो. तिला बिचारीला काय कळणार!

चैत्र आला. दर चैत्री पौर्णिमेला, हनुमानजयंतीला, कल्याणच्या तालमीत मल्लखांब व्हायचा आणि आमच्या तालमीतला एक गडी पाहुणा म्हणून जायचा. एकच. तिथले वस्ताद आणि आमचे वस्ताद एकाच गुरूचे चेले. तिथली रीत अशी की यजमान वस्ताद खाली पाटावर बसून नाव पुकारणार आणि पाहुण्याने ते वर करून दाखवायचं. क्रम आधी सांगायचा नाही. जो चुकेल त्याच्या तालमीची वर्षभर टिंगल. यंदा मीच जाणार हे मी धरूनच चाललो होतो. माझे मामा कल्याणला. त्यांना मी निरोपसुद्धा धाडला होता, की सगळे या, मामीला आणा, पुढे बसा. वडिलांनी कचेरीतून रजा मागून ठेवली होती.

पंधरा दिवस आधी वस्तादांनी आम्हा दोघांना खांबावर चढवलं. आधी मी. त्यांनी वहीतल्या क्रमाने खुणा केल्या असत्या तर मी डोळे मिटून केलं असतं. पण त्यांनी पहिल्या भागातून एकदम चौथ्यात उडी मारली, मग तिसऱ्यात, मग पुन्हा पहिल्यात. माझ्या अंगाला पुढचं ठाऊक होतं ते वहीतल्या ओळीप्रमाणे. मधूनच कोणी बोलावलं की ते गोंधळायचं. दोनदा अडखळलो. तिसऱ्यांदा मांडी सुटली आणि मी मातीत आलो.

मग तो चढला. काय सांगू! थाप पडायच्या आत त्याचं अंग वळलेलं असायचं. सवाई केली तेव्हा क्षणभर तो हवेत आडवा राहिला, आणि त्याने कोपर किंचित वर उचललं, हलकेच, आळस दिल्यासारखं. ते कोणी शिकवलं नव्हतं. ते इतकं सुंदर होतं की माझे डोळे भरून आले, आणि मी हे आज प्रथमच कबूल करतो, की त्याच वेळी तो पडावा असं मला मनापासून वाटलं.

तो पडला नाही.

"कल्याणला हा जाईल," वस्ताद म्हणाले. "तुझं सगळं पाठ आहे रे. पण रांगेत पाठ आहे." आणि वर माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्याला नावं येत नाहीत. तुझ्याकडे ती वही आहे. पंधरा दिवसांत त्याच्याकडून घोकून घे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझी जागा त्याला द्यायची आणि त्यात त्याला नीट बसवायचंही मीच? पण वस्तादांपुढे कोण बोलणार! मी मान हलवली.

आम्ही तलावाच्या पायऱ्यांवर बसायचो. मी नाव वाचायचो, हाताने खूण करून दाखवायचो, तो मान डोलवायचा आणि तीनदा पुटपुटायचा. दोन-तीन दिवस मी सगळं खरं सांगितलं. तो फार मन लावून शिकत होता. येताना माझ्यासाठी पडशीतून काकड्या आणायचा, आणि म्हणायचा, "भाऊ, तुमी नसता तं माजं काय झालं असतं?" हे असलं बोललं की मला अधिकच चीड यायची. त्याला माझा संशय यावा, त्याने मला शिवी द्यावी, म्हणजे तरी बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी घरी गेलो तर मामांचं उत्तर आलेलं. ते, मामी, मामीची बहीण, सगळे येणार होते. पुढच्या रांगेत जागा धरायला माणूस सांगितला होता. आईने पत्र मोठ्याने वाचायला लावलं. मी वाचलं. तिला मी अजून सांगितलंच नव्हतं की मी जात नाही.

दुसऱ्या सकाळी पायरीवर बसलो आणि सवाईवर आलो. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "काखेत खांब धरून आडवं व्हायचं, ती हजारी." मग शांतपणे पुढे वाचत गेलो, आणि थोड्या वेळाने डोकं खाली करायची खूण करून म्हटलं, "ही सवाई." चाळीस-बेचाळीस नावं खरी, दोन उलटी. बस्स, एवढंच.  तो पुटपुटला, "काखेतली हजारी, काखेतली हजारी, काखेतली हजारी." समोर तलावात म्हशी डुंबत होत्या.

वस्तादांनी विचारलं, "झालं का?"

"झालं," मी म्हणालो.

त्यांनी तपासलं नाही. खांबापाशी बोलायचं नाही हा त्यांचाच नेम, आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

पौर्णिमेला आम्ही भरतीच्या पाण्याबरोबर त्याच्या चुलत्याच्या मचव्यातून कल्याणला गेलो. वस्ताद, तो, मी आणि आणखी तिघे. वडील आगगाडीने पुढे गेले होते. घरी मी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं की माझ्या मांडीला लचक आली म्हणून दुसरा जातो आहे. मामा पुढेच बसले होते. मामीने मला बघून डोळ्यांनीच "काय रे?" विचारलं. मी मांडी चोळली.

तिथल्या वस्तादांनी पुकारायला सुरुवात केली. तो वर होता. एकामागून एक नावं, आणि एकामागून एक तो करत गेला. लोक पुढे सरकले. मग हळूहळू "वाहवा" सुरू झाली. मामांनी मला कोपराने ढोसलं, "काय पोरगा आहे रे हा!"  मला वाटलं, ती दोन नावं पुकारलीच गेली नाहीत तर? आणि मग वाटलं, पुकारली जाऊ देत.

"हजारी!"

त्याने खांब काखेत घेतला, अंग आडवं केलं, आणि कोपर किंचित वर उचललं. अशी सवाई कल्याणात त्याआधी कोणी पाहिली नसेल. आणि सगळी तालीम खो खो हसली.

तो वर तसाच आडवा राहिला. कशाला हसतात ते त्याला कळेना. यजमान वस्ताद पाटावरून म्हणाले, "अहो ठाणेकर, नावंही विसरलात की काय? गुरूंनी हेच शिकवलं होतं?"

आमचे वस्ताद उठले. त्यांनी वर बघितलं, त्याच्याकडे. मग वळून माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. मी मान खाली घातली. आता ते माझं नाव घेणार, सगळ्यांपुढे, मामांपुढे, वडिलांपुढे.

"आमच्या ठाण्यात हिलाच हजारी म्हणतात," वस्ताद म्हणाले.

"काय बोलता? गुरूंनी तर..."

"गुरूंनी तुम्हाला काय सांगितलं ते तुम्ही बघा. आमच्याकडे ही हजारी. मारुतीसमोर सांगतो आहे. माझा गडी चुकलेला नाही. पुढचं पुकारा."

ज्या माणसाने गुरूच्या शब्दाला आयुष्यभर धक्का लावला नाही, तो हे बोलला. हशा विरला. पुढचं पुकारलं गेलं. त्याने सगळं केलं. सवाई काही पुकारली गेली नाही. शेवटी मानाचा नारळ मिळाला.

आम्ही मचव्यातून परत निघालो. ओहोटी लागली होती, उन्हाने पाणी चकाकत होतं. तो वस्तादांच्या पायाशी जाऊन बसला. नारळ अजून हातातच. "वस्ताद," तो म्हणाला, "माजंच चुकलं. भाऊंनी बरोबर सांगितलेलं. माज्याच डोस्क्यात उलटं बसलं. भाऊंना काय बोलू नका."

मी तिथेच होतो. दोन हातांवर. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं की नाही? मी कळव्याच्या बाजूची झाडी बघत राहिलो. वस्ताद त्याला म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. आजपासून तेच बरोबर."

दुसऱ्या दिवशी तालमीत सगळे निघून गेल्यावर वस्तादांनी मला थांबवलं. "वही काढ." मी काढली. "ती दोन नावं कुठे आहेत?" मी बोट ठेवलं. "खोड. आणि काखेतल्या पकडीपुढे हजारी लिही. दुसरीपुढे सवाई." माझा बोरू कागदावर चालेना. मी म्हटलं, "वस्ताद, मी..."

"बोलू नकोस. मी मारुतीपुढे शब्द दिला आहे. आता तो खरा करायचा. लिही."

मी लिहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी वाकून बघत होते. मग स्वतःच खांबाला तेल लावायला गेले. त्या पावसाळ्यात मी तालीम सोडली. मॅट्रिकचा अभ्यास आहे असं सगळ्यांना सांगितलं.

पुढे मीही कचेरीत चिकटलो. वस्ताद गेले. जाताना तालमीच्या किल्ल्या त्यांनी कोणाच्या हाती दिल्या, हे सांगायला नकोच. मिठागरवाला वस्ताद झाला! रस्त्यात भेटला तर लांबूनच हात जोडायचा, "भाऊ, बरं हाय ना?" मी छत्री त्या बाजूला कलती करायचो. त्याचं नाव होत गेलं, लांबलांबहून पोरं येऊ लागली, आणि प्रत्येक बातमीसरशी माझ्या पोटात दुखायचं. वाटायचं, मुलंबाळं झाली, केस पिकू लागले, आता तरी हे थांबेल. छे! मत्सराला वय नसावं. कल्याणला मामांकडे गेलं की तिथली पोरं उलटंसुलटं काही झालं तर म्हणायची, "ही म्हणजे ठाण्याची हजारी!" सगळे हसायचे. मीही हसायचो.

माझ्या मुलाला मी तालमीत घालणार नव्हतो. त्यानेच हट्ट धरला. मी दुसरी तालीम सुचवली, तो ऐकेना. सहा महिने झाले असतील. परवा रविवारी सकाळी मी ओसरीवर दाढी करवून घेऊन बसलो होतो. तो धावत आला, "बाबा, बघा, आज काय शिकलो!" आणि ओसरीचा खांब काखेत आवळून त्याने सगळं अंग आडवं केलं. पाय थरथरत होते. पण कोपर... ते कोपर त्याने किंचित वर उचललं, हलकेच. माझ्या घरात, माझ्या पोराच्या अंगात ते आलं होतं.

"ही हजारी," तो म्हणाला.

"सवाई," माझ्या तोंडून निघून गेलं. इतक्या वर्षांनी, आपोआप. "तिला सवाई म्हणतात."

तो खाली उतरला. रागावला. "तुम्हाला काय माहीत? वस्ताद म्हणतात हजारी. एकाने कल्याणचं उदाहरण दिलं तर वस्ताद म्हणाले, कल्याणकर काहीही म्हणोत, हे नाव मला माझ्या भाऊंनी तलावाच्या पायरीवर बसून शिकवलं, त्यांच्या वहीतून. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, तुला शंका असली तर घरी वडिलांना विचार."

तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. "मग? काय म्हणतात?"

आतल्या फडताळात ती वही अजून आहे, खोडलेल्या दोन ओळींसकट. ती काढून दाखवायला एक क्षण लागला असता. मी उठलो, त्याला पुन्हा खांबाशी नेलं आणि खांब त्याच्या काखेत नीट बसवून दिला.

"हजारी," मी म्हणालो. "कोपर अजून थोडं वर घे."